डासांची ग्रामसभा

यशोधरानं जाळीच्या पेटीत कोपरापर्यंत हात घातला आणि भिमाबाई किंचाळली.

"अगं काढ, काढ! येडी झाली का काय?"

"बघ तरी, आई!" यशोधरा हसत होती. पायांवर पांढरे पट्टे असलेले डास तिच्या मनगटाभोवती भिरभिरत होते, बोटांवर टेकत होते, पुन्हा उडत होते. "एक तरी चावला का? सगळे नर हायेत. नर चावतच न्हाई. फुलातला रस पितो अन् फिरतो."

"मंग आमाला फोडून खातंय ते कोण?"

"मादी. अंडी घालायची असली की तिला रक्त लागतं."

दीपमाला पाटावर लसूण सोलत बसली होती. ती हळूच पुढं सरकली आणि पेटीत डोकावली. "तिचंबी लेकरासाठीच म्हणा की सगळं," ती म्हणाली आणि पुन्हा लसूण सोलू लागली.

यशोधरानं हात बाहेर काढून जाळीचं तोंड घट्ट बांधलं. बाळू जाऊन दोन पावसाळे झाले होते. तिचा धाकटा भाऊ, दीपमालाचा नवरा. ताप आला, अंगावर लाल पुरळ उठलं, आणि बीडहून संभाजीनगरला नेताना रुग्णवाहिकेतच तो गेला. यशोधरा तेव्हा पुण्यात प्रयोगशाळेत शेतातल्या किडींवर काम करत होती. बाळूला माती देऊन ती परत गेली, किडींचं काम सोडून दिलं आणि डेंग्यूच्या डासांमागं लागली. आता दिल्लीहून मंजुरी आली होती. जनुकं बदललेले डास मोकळ्या हवेत सोडून बघण्याची मंजुरी, आणि जागा म्हणून नाव होतं पालीच्या पुढचं, बिंदुसरेच्या काठावरचं तिचं गाव बोरदरा. ही बातमी पोटात मावत नव्हती म्हणून तिनं पुण्याहून येताना ना वाटेतल्या कड्याला गाडी थांबू दिली, ना आष्टीला. सोबत आलेले संस्थेचे संचालक, ज्यांना ती सर म्हणायची, चहावाचून तळमळत शेवटी सरपंचांच्या घरी जाऊन टेकले होते.

"हेच सोडणार का गं, ताई?" दीपमालानं विचारलं.

"न्हाई, वहिनी. हे साधे हायेत, नुसतं दाखवायला आणले. बदललेल्यांना गावानं हो म्हणल्याबिगर प्रयोगशाळेच्या बाहेर काढायचीच बंदी हाय. ते दिसायला असेच. पण त्यांचं लगीन इथल्या मादीशी लागलं ना, की होणाऱ्या लेकी पाण्यातच मरतात. डास व्हायच्या आधीच. लेक न्हाई तर चावणारं कोण? लेक न्हाई तर ताप आणणारं कोण?"

तिचे डोळे असे चमकत होते की दारातल्या बाजेवर बसलेल्या तिच्या बापाला, माणिकरावांना, तिच्या दहावीच्या निकालाचा दिवस आठवला असावा. धरणावर चौकीदारी करण्यात त्यांची उमर गेली होती. पाण्याच्या माणसाला घाई नसते, तसे ते बोलत.

"सोडलेलं मागं घेता येतंय का?" त्यांनी विचारलं. "दरवाजा उघडला अन् पाणी लई सुटलं, तर दरवाजा लावता येतोय. ह्याचं काय?"

"बाबा, एकदम बरोबर इचारलं तुमी. एकेक डास धरून आणता येणार न्हाई. पण सोडायचं थांबवलं की ही जात आपसूक विरत जाते. लेकी मरतात, पोरं थोडी उरतात, अन् काही पिढ्यांत काहीच राहत न्हाई. डासाच्या पिढ्या. म्हंजे महिन्यांचा हिशोब, वर्षांचा न्हाई."

"हे कागदावर का डोळ्यानं पाहिलेलं?"

"बंद खोलीत डोळ्यानं पाहिलेलं. मोकळ्या हवेतलं आता पाहायचंय."

माणिकरावांनी मान हलवली. ती होकाराची की नकाराची, हे त्यांनाच ठाऊक.

भिमाबाई चुलीपाशी गेली, परत आली. तिच्या मनात काहीतरी घोळत होतं. "यशू, एक सांग. मच्छर बसला की माजा हात आपसूक जातोय, मी काय लपवीत न्हाई. पण रोज सकाळी मी बुद्धवंदना घेते, पंचशील म्हणते. जीव घेणार न्हाई म्हणते. चावला म्हणून मारणं येगळं. पण एखाद्याच्या लेकी जन्मल्या की मराव्या, अशी आधीच आखणी करून ठेवायची, ह्याला काय म्हणावं?"

असा प्रश्न मंजुरी देणाऱ्या दिल्लीच्या समितीत कुणी विचारला नव्हता.

"धूर मारायला येत्यात तवा फुलपाखरंबी मरत्यातच की," माणिकराव मध्ये पडले.

"ते मला ठावं हाय. मी हिला इचारते."

"मला न्हाई सांगता येत, आई," यशोधरा म्हणाली. "मला एवढंच कळतं, की बाळूसारखा अजून एक जाणार असंल अन् मी हात बांधून बसले, तर तेबी शीलात बसत न्हाई."

"बाळूचं नाव घेऊ नको!"

आवाज दारातून आला. तिचा थोरला भाऊ विलास नुकताच बीडहून आला होता. अंगावर कंडक्टरची खाकी तशीच. भरलेल्या गाडीत मागच्या सीटपर्यंत पोचणारा त्याचा आवाज घरातही खाली येत नसे. तो ग्रामपंचायतीत त्यांच्या बौद्ध वस्तीचा सदस्य होता, आणि यशोधराला वाटत होतं, बाकी कुणी नसलं तरी दादा आपल्या बाजूनं उभा राहील.

"दादा, मंजुरी आली!"

"कळलं. मी इरोधात बोलणार हाय."

लसणाची पाकळी दीपमालाच्या हातातच राहिली.

"कावून?" यशोधरा उठून उभी राहिली. "तू सगळं वाचलंस. मी पाठवलेलं सगळं वाचलंस. काय चुकीचं हाय त्यात?"

"डासात काय चुकीचं हाय ते मला कळत न्हाई, तू शिकलेली. मला कळतंय ते येगळं. पुण्यात डेंगू न्हाई का? तुमच्या त्या सोसायट्यांत, कुंड्यांत, कारंज्यांत? मंग तिथं कावून न्हाई सोडत?"

"अरे, आधी लहान गाव घ्यावं लागतं. चारी बाजूंनी रान असलेलं. म्हंजे बाहेरचे डास आत येत न्हाईत, मोजदाद नीट होती."

"अन् गावातबी वस्तीच कावून?"

"कारण वस्तीत डास जास्त! घराला घर लागून, दारोदारी पाण्याचे पिंप. मी सापळे लावून मोजलेत, दादा. सरळ शास्त्र हाय."

"शास्त्र सरळच असंल," विलास म्हणाला. टोपी काढून त्यानं खुंटीला अडकवली. "आमच्याकडं येईपर्यंत ते वाकडं होतंय."

"भाऊजी, तुमचं तुमी बघा," दीपमाला एकाएकी बोलली. "मला पायजेत ते डास. पुण्यातून येऊ द्या न्हाई तर चंद्रावरून. मी कामाला जाते त्या अंगणवाडीत पोरगं तापलं की माजं काळीज हातात येतंय. तुमी इरोध करा, मी हात वर करणार."

विलासनं भावजयीकडं पाहिलं, बहिणीकडं पाहिलं, आणि न जेवताच तो सभेकडं निघाला.

*

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात होती. एरवी कोरम भरायला माणसं हुडकावी लागत, पण डास सोडणार म्हटल्यावर लोटच आला. कुणी म्हणत होतं, हे डास चावले की पोरं होत नाहीत. कुणी म्हणत होतं, नुसती लस टोचल्यासारखं असतं. टपरीवरचा हनुमान छातीठोक सांगत होता की हे डास रात्री चमकतात. यशोधरा गर्दीतून जाताना प्रत्येकाशी बोलत होती, हसत होती, खोडून काढत होती. तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. आपल्या गावाला आपण काहीतरी आणलंय, ह्या एकाच गोष्टीनं ती भरून गेली होती.

व्यासपीठावर मधल्या खुर्चीत सरपंच सुनिता बसली होती, डोक्यावरचा पदर सावरत. तिच्या शेजारी तिचे सासरे रामकिसनराव. जागा बाईसाठी राखीव झाली तेव्हापासून खुर्ची सुनेची आणि आवाज सासऱ्याचा, हे गावाच्या अंगवळणी पडलं होतं. माइक त्यांच्याच हातात होता.

"मंडळी, माणिकरावाची लेक एवढी शिकली, दिल्लीपातुर गेली, गावाला अभिमान हाय," रामकिसनराव म्हणाले. टाळ्या पडल्या. "ह्या कामाला पंचायतीचा पूर्ण पाठिंबा हाय. वस्तीत हे डास सोडायला आमची काडीची हरकत न्हाई. वर्षभर तिथं काय होतंय ते सगळे मिळून बघू. काही अपाय न्हाई झाला, सगळं ठीक दिसलं, की मंग पुढच्या वर्षी गावाचं बघू. मला वाटतंय हात वर करायचीबी गरज न्हाई. मंजूर म्हणून टाकू."

पुन्हा टाळ्या पडल्या, पण त्या फक्त डाव्या बाजूनं, जिथं जुनं गाव बसलं होतं. उजवीकडं, जिथं वस्ती बसली होती, तिथं कुणी हललं नाही. यशोधराला आपली आई दिसली, तिच्या मांडीवर तसेच पडलेले दोन हात दिसले. दीपमाला दिसली. दुपारी डासांसाठी दिराशी भांडलेली दीपमाला रामकिसनरावांकडं अशी बघत होती, जणू कुणी तिच्या दारात केर लोटला होता.

रामकिसनरावांच्या बोलण्यात शिवी नव्हती, दुष्टावा नव्हता. त्यांनी यशोधराचाच नकाशा वाचून दाखवला होता. नकाशावर वस्तीभोवती तांबडी रेघ तिनं स्वतः ओढली होती, आणि ओढताना हात अजिबात अडखळला नव्हता.

विलास उठत होता. छाती भरून घेतलेली तिला दिसली. तो बोलला असता तर सभा तिथंच फाटली असती.

"थांब दादा," ती माइकशिवाय ओरडली. "आधी मी."

सरांनी खुर्चीतून वाकून हळू आवाजात सांगितलं, "यशोधरा, ठराव होतोय. होऊ दे."

"असा नको, सर."

रामकिसनरावांच्या हातातून तिनं माइक घेतला. मागितला नाही, घेतला.

"नकाशा मी काढला," ती म्हणाली. "वस्तीत पिंप जास्त, डास जास्त, म्हणून वस्ती निवडली. कारण खरं हाय. पण उद्या काही चुकलं, मला आज न दिसलेलं काही निघालं, तर ते पहिल्यांदा कुणाच्या दारात निघावं, हेबी त्याच रेघेनं ठरलं. ते ठरवायचा हक्क मला कुणी दिला नव्हता. म्हणून ती रेघ मी पुसते."

"म्हणजे न्हाईच सोडायचे?" कुणीतरी विचारलं.

"सोडायचे! सोडायचेच!" तिचा आवाज चढला. कल्पना तिला बोलता बोलताच सुचत होती. "आपल्या गावाचे चार तुकडे हायेत. जुनं गाव, वस्ती, माळवाडी, फाटा. मध्ये शेतं. डास एवढं लांब उडत न्हाई. चार चिठ्ठ्या टाकू. दोन निघतील तिथं यंदा डास सोडू. राहिलेल्या दोघांत न्हाई. वर्षानं दोन्हीकडचा ताप मोजू. कुणाचं दार आधी, हे मी ठरवणार न्हाई, रामकिसनअण्णा ठरवणार न्हाईत, चिठ्ठी ठरवंल. अन् ज्याला वाटतंय आपल्या भागाची चिठ्ठीच नको, त्यानं आत्ता बोलावं."

पटांगणात एकच गलका झाला. सर उठून तिच्याजवळ आले. "तू सगळी आखणी भर सभेत बदलतेस?"

"सर, तुम्हीच सांगा, हे जास्त पक्कं नाही का? जागा आपण निवडली की निकालात आपला हात आलाच. चिठ्ठीनं निवडली तर कुणाला बोट दाखवता येणार नाही."

सरांनी चष्मा काढला, पुसला. ते रागावलेले होते, पण खोटं बोलणारे नव्हते. "पक्कं आहे," ते म्हणाले. "समितीकडं पुन्हा जावं लागेल. पण पक्कं आहे."

"हे काय चिठ्ठ्यांचं खूळ काढलं!" रामकिसनराव तांबडे झाले होते. "जुन्या गावात लेकरंबाळं हायेत!"

"अन् वस्तीत काय हायेत?" विलासचा आवाज शाळेच्या भिंतीवर आदळून परत आला.

त्यानंतर जे झालं ते बोरदऱ्यात आजवर झालं नव्हतं. मधल्या खुर्चीतली सुनिता उभी राहिली. सासऱ्यांकडं न बघता तिनं यशोधराच्या हातातून माइक घेतला. तो तोंडापासून किती लांब धरावा हे तिला कळत नव्हतं, त्यामुळं पहिला शब्द फार मोठा आला.

"रोहिणी!" ती म्हणाली आणि स्वतःच दचकली. "माजी लेक रोहिणी मागल्या दिवाळीत दवाखान्यात होती. हिरड्यांतून रगत येत होतं. सगळ्या गावाला ठावं हाय. तवा डासानं इचारलं न्हाई, जुनं गाव का वस्ती. मामंजी, मी सरपंच हाय. चिठ्ठ्या टाका. आत्ता, सगळ्यांसमोर."

"बंद करायचा हुकूम कुणाच्या हातात?" विलासनं विचारलं. "ते आधी सांगा. चिठ्ठ्या मंग."

"ग्रामसभेच्या," यशोधरा म्हणाली. "दर महिन्याला सभा. ज्या भागात सोडलेत तिथल्या माणसांनी थांबवा म्हणलं, की त्या दिवशी थांबलं. अन् देखरेखीला एक माणूस पायजे. मी विलास गायसमुद्रेचं नाव सुचवते."

"मी इरोधात हाय!"

"म्हणूनच."

लोक हसले. विलास नाही हसला, पण तो खाली बसला, आणि कंडक्टर माणूस भांडण अर्ध्यात सोडून बसला म्हणजे ऐकायला तयार झाला, हे यशोधराला ठाऊक होतं.

हात वर झाले. वस्तीतून झाले, फाट्यावरून झाले, माळवाडीतून झाले, आणि जुन्या गावात बायांचे आधी झाले, मग एकेक पुरुषाचे. विलासचा हात खालीच होता. त्यानं तो मांडीवर दाबून धरला होता.

चिठ्ठ्या कुणी उचलायच्या यावर पुन्हा वाद झाला. शेवटी सुनितानं भिमाबाईंना बोलावलं. "तुमी उचला, मावशी. तुमच्यावर कुणी शंका घ्यायचं न्हाई." भिमाबाई आढेवेढे घेत पुढं आली. शाळेच्या घागरीत हात घालण्याआधी तिनं डोळे मिटले, ओठ हलले. पंचशील म्हणाली की आणखी काही, ते तिनं नंतरही कधी सांगितलं नाही.

पहिली चिठ्ठी सुनितानं उलगडली. "जुनं गाव!"

रामकिसनरावांनी कपाळावरचा घाम पुसला. सुनितानं मात्र सुटकेचा एक लांब श्वास घेतला, तो माइकमधून सगळ्यांना ऐकू आला.

दुसरी चिठ्ठी. "फाटा!"

म्हणजे वस्ती राहिली. भिमाबाईच्या स्वतःच्या हातानं राहिली. यशोधराला हे शक्य आहे हे माहीत होतं, दोनातला एक संभव, शाळेतल्या पोराला कळावं असं. तरीही तिनं सुनिताच्या हातातली चिठ्ठी पुन्हा वाचून पाहिली. आणि दीपमाला गर्दीतून वाट काढत पुढं आली.

"म्हंजे आमाला न्हाई?"

"यंदा न्हाई, वहिनी. चिठ्ठी..."

"चिठ्ठी ऐकली मी. बाळू गेला तो वस्तीतून. ताप मोजायला तुमी आमच्या घरी येणार, किती पोरं तापली ते लिहिणार, अन् डास सोडणार दुसऱ्याकडं?"

दुपारी 'वस्तीच कावून?' म्हणणारा विलासही उभा राहिला. "दीपमाला बरोबर बोलती. नुसतं मोजून घ्यायला वस्ती न्हाई. आमाला न्हाई तर न्हाई डास. पण मंग काय?"

दीपमालानं माइक मागितला नाही. तिला तो लागलाच नाही. "पिंप कावून भरतो आमी? नळाला आठ दिवसांतून पाणी येतंय म्हणून. धरण इथं उशाला, अन् आमी पिंपात पाणी साठवून डास पाळायचे. जिथं डास सोडणार न्हाई तिथं रोज पाणी सोडा. वस्तीत अन् माळवाडीत. पिंपच राहिले न्हाईत तर मादी अंडी घालंल कुठं?"

उजवीकडून, माळवाडीतून, फाट्यावरूनसुद्धा असा आवाज उठला की शाळेच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. माणिकराव उठून उभे राहिले होते. चौकीदारीच्या एवढ्या वर्षांत ज्या पाण्याकडं नुसतं बघत राहिले, त्याचं काय करता येतं ते त्यांना तोंडपाठ होतं. "टाकीपासून वस्तीपातुर उतार हाय," ते म्हणाले. "मोटारबी लागायची न्हाई. पाइप टाकला की झालं."

सर घाईघाईनं यशोधराजवळ आले. "हे होता कामा नये! त्या दोन भागांत काहीच बदलायचं नाही, तरच तुलना होईल. पाणी दिलं तर डास तसेही कमी होतील. मग आपल्या डासांमुळं काय झालं, हे कळणार कसं? प्रयोगच बिघडेल, यशोधरा."

तिनं सरांकडं पाहिलं. त्यांचं म्हणणं खरं होतं, अक्षर न अक्षर खरं. आज सकाळी तिनंही हेच म्हटलं असतं, ह्याच सुरात. तुलनेसाठी काही घरांनी तसंच राहावं लागतं. पिंप भरत, झाकत, ताप काढत. कुणीतरी तसंच राहावं, म्हणजे आपल्याला कळेल.

तिला हसू आलं. दिवसभराचं सगळं त्या हसण्यातून बाहेर पडलं.

"बिघडू द्या, सर."

"अगं, पण..."

"माळवाडीला अन् वस्तीला पाणी आलं अन् तिथला ताप आपल्या डासांच्या आधी पळाला, तर मी स्वतः तसं लिहीन. हरलो म्हणून लिहीन. आनंदानं लिहीन." तिनं सुनिताकडं वळून विचारलं, "सरपंच, पाण्याचा ठराव घेताय ना?"

सुनितानं माइक हातात घेतला. ह्या वेळी अंतर बरोबर होतं. "पाण्याच्या बाजूनं असलेल्यांनी हात वर करा," ती म्हणाली.

विलासनं दोन्ही हात वर केले.